शेंडी तुटो की पारंबी

कर्जतहून सुटलेली सकाळची लोकल बदलापूरला येते, तेव्हा तिच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसांसाठी रेल्वेच्या कागदपत्रांत एक भारदस्त नाव आहे : ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी, असा त्याचा हिशेब. हा हिशेब कुणी आणि कसा मोजला हे एक कोडंच आहे, कारण त्या चौरस मीटरमध्ये मोजणाऱ्याला उभं राहायला जागा नसणार.

या गर्दीतून अंबरनाथला उतरणाऱ्यांत काही जण असे असतात, की ते शेअर रिक्षाने आनंदनगरच्या अतिरिक्त एमआयडीसीत जातात आणि तासाभराने एका अशा खोलीत उभे राहतात, जिथे घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. डब्यात माणसांची मोजदाद कुणी करत नाही. इथे धुळीची शिरगणती होते, तीही बॅच चालू असताना सतत. ही खोली इंजेक्शन भरायची. भरायचं कशात, तर बोटाएवढ्या काचेच्या कुपीत, जिला कारखान्यात सगळे अँप्यूल म्हणतात.

अंबरनाथ-बदलापूरचा पट्टा एरवी वेगळ्याच कारणांनी वर्तमानपत्रात येतो. वालधुनी नदीचं पाणी आज कुठल्या रंगाचं आहे, रात्री कसला वास सुटला होता, वगैरे. त्याच पट्ट्यात भिंतीआड अतिशय स्वच्छ हवा खेळवली जाते, हे रस्त्यावरून चालणाऱ्याला सांगितलं तर तो रुमाल नाकावरून न काढता हसेल. पण भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्ससारख्या इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना याच आनंदनगरात आहे. ही कंपनी २०२४ साली मॅनकाइंड फार्माने तेरा हजार कोटींहून अधिक रुपयांना घेतली. तो आकडा जाहीर झाल्यावरही स्टेशनपासूनचं रिक्षाचं भाडं तेवढंच राहिलं, ही रिक्षावाल्यांची सज्जनता.

भरायच्या खोलीत शिरणं हा स्वतंत्र अध्याय आहे. घड्याळ बाहेर, अंगठ्या बाहेर, मंगळसूत्र लॉकरमध्ये (घरी सासूबाईंना हे कळवण्याची गरज नसते), नखांना रंग नको, तोंडाला पावडर नको. दाढी असेल तर तिलाही वेगळं आवरण. मग एक बाक येतो. त्याच्या अलीकडची फरशी मळकी, पलीकडची स्वच्छ. बाकावर बसायचं, एका पायात निर्जंतुक बूट चढवायचा, तो पाय पलीकडे टाकायचा, मग दुसरा. मधल्या काही क्षणांत माणसाचा अर्धा देह पात्र आणि अर्धा अपात्र असतो. कारखाना बघायला आलेल्या पाहुण्याला इथे हमखास आजीचं सोवळं आठवतं आणि तो ते बोलूनही दाखवतो. गुणवत्तेवर नजर ठेवणारा क्यूएचा माणूस कसनुसं हसतो. त्याने ही तुलना आजवरच्या प्रत्येक पाहुण्याकडून ऐकलेली असते. शिवाय आजी सोवळ्यात वावरल्यावर तिची पाची बोटं अगारच्या प्लेटवर दाबून, ती प्लेट उबवून, त्यावर काय उगवलं हे बघत नव्हती. इथे बघतात. पाळी संपवून बाहेर पडताना प्रत्येकाने बोटं टेकवायची आणि प्लेटवर काही म्हणजे काही उगवायला नको.

आत गेल्यावर वागायचं कसं, याचंही शास्त्र आहे. हळू चालायचं. हात हलवायचे नाहीत. गरजेपुरतंच बोलायचं. चटकन वळायचं नाही. कारण सगळ्यात मोठा धूळउत्पादक कारखाना म्हणजे खुद्द माणूस. तो नुसता बसला तरी मिनिटाला लाखभर कण झाडतो आणि चालू लागला की पन्नासेक लाख. वरून गाळलेली हवा सेकंदाला ०.४५ मीटरच्या संथ गतीने सरळ खाली येत असते. ही हवा आणि उघडी अँप्यूल यांच्या मध्ये हात घालणं हा तिथला मोठा गुन्हा. ज्याने दीड तासापूर्वी कोपर, खांदा आणि डब्याची पिशवी अशी तिन्ही शस्त्रं वापरून लोकलमध्ये प्रवेश मिळवला, तोच इसम इथे अक्षतांच्या वेळी उभ्या असलेल्या नवरदेवासारखा हात जोडून स्तब्ध असतो. एकाच दिवसात एवढं स्वभावांतर घडवणारी दुसरी संस्था ठाणे जिल्ह्यात असेल असं वाटत नाही.

एवढं सगळं ज्या वस्तूसाठी, तिला झाकण नाही. बूच नाही, रबर नाही, फिरकी नाही. मराठी माणसाचा झाकणावर फार विश्वास. आइस्क्रीमचा डबा संपतो, झाकण उरतं, आणि पुढली दहा वर्षं त्या डब्यात डाळ राहते. अँप्युलला हा संसार मान्य नाही. काचेची नळी एका बाजूने बंद करायची, मान बारीक करायची, आत औषध सोडायचं आणि मान ज्योतीत वितळवून काचेनेच काच मिटवून टाकायची. उघडायचं म्हणजे फोडायचं. परत बंद करणं या क्रियेचा तिच्या शब्दकोशात उल्लेख नाही.

ही कल्पना पॅरिसच्या स्तानिस्लास लिमूझाँ नावाच्या औषधविक्रेत्याची, १८८६ सालची. मॉर्फिनसारखी इंजेक्शनची द्रावणं तेव्हा बाटलीत ठेवत, आणि रुग्णाला टोचायच्या आत त्यांत बुरशी धरत असे. लिमूझाँने एका वेळेपुरतं औषध एका काचेत भरून तिचं तोंड वितळवून टाकलं. या गृहस्थाने थेंब मोजणारी नळी सुधारली आणि कडू पूड गिळण्यासाठी पिठाच्या पापुद्र्याची पुडी काढली. औषध देताना ते जास्त जाऊ नये आणि चव लागू नये, या दोनच चिंतांवर त्याने आयुष्य काढलेलं दिसतं. अँप्यूल काढल्यावर वर्षभरात तो वारला.

अर्थात काचेची मान वितळवून तोंड बंद करण्याचा खेळ त्याच्या आधी लुई पाश्चरने खेळून ठेवला होता. १८६० साली जंतू हवेतून येतात हे सिद्ध करण्यासाठी तो यीस्टच्या अर्काने भरलेले, तोंड मिटलेले तेहतीस काचगोळे खेचराच्या पाठीवर लादून आल्प्समधल्या माँतांव्हेरच्या हिमनदीवर चढला. तिथल्या शुद्ध हवेत गोळ्याची शेंडी तोडायची, हवा आत घ्यायची आणि दिव्याच्या ज्योतीने तोंड पुन्हा मिटवायचं, असा बेत. तेरा गोळ्यांच्या शेंड्या तुटल्या आणि मग लक्षात आलं, की बर्फावरून उसळणाऱ्या लख्ख उन्हात आणि वाऱ्यात ज्योत दिसतच नाही. उघडे गोळे घेऊन ही महान मंडळी रात्री डोंगरावरच्या खानावळीत मुक्कामाला राहिली. तिथल्या धुळीने ते बहुतेक सगळे नासले. दिवा दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी वीस गोळे नीट मिटवले. त्यातला एकच बिघडला. त्याआधी जुराच्या पायथ्याच्या शेतांत वीसपैकी आठ बिघडले होते, जुरा पर्वतावर पाच. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आठ, पाच, एक हे आकडे येतात. खानावळीतले तेरा येत नाहीत. सीलिंग मशीनवर काम केलेल्या कुणालाही विचारा, रिजेक्शनचा ट्रे पाहुण्यांना दाखवत नसतात.

पाश्चरच्या संस्थेतून पुढे वाल्देमार हाफकिन मुंबईत आला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने स्वतःची प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. त्याच्या लशीच्या बाटल्या मात्र बुचाच्या होत्या, आणि एका बाटलीतून अनेकांना टोचायचं अशी रीत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला. तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, आणि त्या एका बाटलीतून लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वाताने गेले. दोष हाफकिनच्या परळच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडावं लागलं. एका माणसाला एकच काच, हा नियम कुणाला उधळपट्टी वाटत असेल तर त्याने हे प्रकरण वाचावं.

अंबरनाथच्या इतिहासात औषधाची काच ज्योतीत मिटवण्याचा हा धंदा अगदी उपरा म्हणता येणार नाही. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली निघाली आणि गंधकाम्लाचा वास इथल्या हवेत मिसळला. त्यानंतर १९२३ साली स्थापन झालेल्या विमकोने इथे आगपेट्या काढल्या. म्हणजे आम्ल आणि आग या दोन्ही गोष्टी गावाला शंभर वर्षांपासून अंगवळणी पडलेल्या आहेत. त्याहून जुनं काय, तर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालच्या शिलालेखाचं शिवमंदिर. त्याचं शिखर अपुरं आहे, आणि खाली पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर थेट आकाश दिसतं. माथा उघडा ठेवून जवळपास हजार वर्षं टिकलेली ही वास्तू गावात, आणि गावाबाहेर माथा बंद करण्यासाठी चाललेला हा एवढा आटापिटा.

अँप्युलच्या आत जे भरायचं त्याचा मोठा भाग पाणी असतो, आणि पाणी बारवीचं. बदलापूरजवळच्या बारवी धरणातून निघालेलं पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून एमआयडीसीच्या नळाने कारखान्यात येतं. तिथून पुढे त्याची जी परीक्षा सुरू होते, ती पाहून एमपीएससीच्या विद्यार्थ्यालाही त्याची कीव यावी. गाळणं, मऊ करणं, आरओ, आयन काढणं, मग ऊर्ध्वपातन. शेवटी ते ऐंशी अंशांच्या आसपास तापवून नळ्यांच्या वेटोळ्यात रात्रंदिवस फिरवत ठेवायचं, कारण थांबलं की त्यात जंतू वस्ती करणार. वीज वाहून नेण्याची त्याची ताकद सेंटिमीटरला १.३ मायक्रोसिमेन्सच्या वर गेलेली चालत नाही. या नावाजलेल्या पाण्याचा उगम शेवटी नळातच असल्यामुळे, ‘दुरुस्तीसाठी गुरुवारी रात्री बारा ते शुक्रवारी रात्री बारा पाणीपुरवठा बंद’ अशी बातमी झळकली, की उल्हासनगरच्या चाळीतली गृहिणी आणि आनंदनगरचा प्लँट मॅनेजर एकाच वेळी टाक्या भरायला धावतात.

काच साधी चालत नाही. खिडकीच्या काचेतून पाण्यात अल्कली उतरते आणि औषधाचा स्वभाव बिघडवते. म्हणून बोरोसिलिकेट, जी जर्मनीत येनाला ओटो शॉटने काढली. अशा नळ्यांपासून अँप्युल्स बनवणारी क्लासपॅक कंपनी आपल्या नाशिकची. २०१६ साली ती बोरोसिलच्या घरात गेली. नळीची कुपी होऊन आल्यावर अँप्युल्सना पाण्याचे आणि हवेचे फवारे देऊन धुतात आणि तीनशे अंशांच्या बोगद्यातून काढतात. बोगद्यातून बाहेर आलेली अँप्यूल या पट्ट्यातली सर्वांत निष्पाप वस्तू असते.

आता खरा प्रसंग. सुई मानेतून आत उतरते, औषध सोडते आणि वर येते. वर येताना तिने मानेला थेंब लावला, की संपलं. ज्योत लागताच तो थेंब जळतो आणि काचेच्या आत काळा डाग पडतो. डेक्स्ट्रोजसारखं साखरेचं औषध असेल तर चक्क कॅरॅमल. म्हणून सुईच्या टोकाला शेवटचा थेंब परत ओढून घेण्याची सवय लावलेली असते. मग नायट्रोजनची फुंकर, आतला ऑक्सिजन बाहेर. मग एलपीजी आणि ऑक्सिजनची निळी ज्योत. अँप्यूल स्वतःभोवती गरगर फिरते, मान लाल होते, आठशे अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि तेवढ्यात यंत्राचा चिमटा वरचं टोक पकडून ओढतो. काचेचा धागा तुटतो, टोक गोल मिटतं. तुटलेल्या शेंडीचं बारीक ‘टिक्’ ऐकू येतं. मिनिटाला दोन-तीनशे अँप्युल्स जाऊ लागल्या, की त्या टिकटिकीचा पाऊसच पडतो. गंमत म्हणजे मानेत लाव्हा आणि चार सेंटिमीटर खाली औषध गारेगार. काच उष्णतेचा निरोप्या नव्हे, ती वरची बातमी खाली पोचवतच नाही.

ही शेंडी ओढणं हाच सगळ्याचा कळस. पूर्वी नुसतं टोक वितळवून मणी करत, पण त्या मण्यात केसाएवढं छिद्र राहून जाई. ओढून तोडलेलं तोंड जास्त भरवशाचं. ज्योत कमी पडली तर टोक वाकडं, जास्त झाली तर आतली हवा प्रसरण पावून मऊ काचेचा फुगा. काही फुगे इतके देखणे येतात, की फेकायला ऑपरेटरचं मन होत नसावं.

यंत्रावर हे ठीक. पण हेच काम प्रयोगशाळेत हाताने करायचं असतं तेव्हा खरी नाटकं घडतात. संदर्भासाठी जपायचे नमुने, कीटकनाशकांची प्रमाण द्रावणं, हवा लागली की पेट घेणारी किंवा वितळणारी द्रव्यं, यांच्यासाठी अँप्यूलसारखी दुसरी तिजोरी नाही. अशा दहा-वीस कुप्यांसाठी कुणी मशीन लावत नाही. एक बर्नर, एक लांब चिमटा आणि एक माणूस. तो माणूस सहसा माटुंग्याच्या आयसीटीतून एमटेक झालेला नसतो. तो बारावी सायन्सनंतर लागलेला, निवृत्तीला आलेला लॅब अटेंडंट असतो, आणि त्याच्या रजेच्या दिवशी डॉक्टरेट झालेली अख्खी लॅब हात चोळत बसते. डावा हात अँप्यूल एकसारखी फिरवतो, उजवा वाट बघतो. फिरवणं जरा अडखळलं, की एक बाजू पातळ होते आणि दुसरी जाड राहते. ती थंड होताना ताण धरते आणि दुपारी जेवणाच्या सुटीत, कुणी हात लावलेला नसताना, कपाटात तडकते. जेवताना आतून ‘टिच्’ ऐकू आलं, की सगळे एकमेकांकडे बघतात आणि पोळीचा पुढचा घास घेतात.

आणि आत द्रावक असला, तर या खेळात विनोद संपतो. ईथर ३४.६ अंशांला उकळतो. बदलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. म्हणजे तिथे ईथरला उकळण्यासाठी ज्योतीची वाट बघायची गरज नाही, खिडकी उघडी ठेवली तरी पुरे. अशी अँप्यूल ज्योतीजवळ न्यायच्या आधी तिचं बूड उणे अठ्ठ्याहत्तर अंशांच्या कोरड्या बर्फात रोवून ठेवतात. एका टोकाला सैबेरिया, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि मध्ये दोन इंच काच. वाफ निघत राहिली तर एक तर ती मऊ काच फुगवून फोडते किंवा स्वतःच पेटते. शिवाय उल्हास नदीकाठची दमट हवा थंड काच दिसली रे दिसली की तिच्यावर जाऊन बसते. त्यातला एखादा दवबिंदू आत उतरला, की शुद्ध नमुन्यात बारवीचं पाणी, तेही न तपासलेलं. म्हणून पुन्हा कोरड्या नायट्रोजनची फुंकर. अर्ध्या मिलिलिटर द्रवासाठी एवढा थाट बघून नवशिक्याला वाटतं, की बाटलीला बूच लावून वर पॅराफिनची फीत गुंडाळली असती तर काय बिघडलं असतं. सहा महिन्यांनी बाटलीतला द्रव निम्मा झालेला दिसतो आणि तो प्रश्न आपोआप मिटतो.

जगाने या मिटलेल्या काचेवर किती भार टाकलाय याची कल्पना सहसा नसते. लशी, संप्रेरकं यांसारख्या जैविक औषधांची ‘आंतरराष्ट्रीय एककं’ ठरवणारी जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणं इंग्लंडमध्ये साउथ मिम्सच्या संस्थेत जपली जातात, त्यांतली कितीतरी वाळवून अशाच अँप्युल्समध्ये भरलेली. एका कुपीत इतकी एककं, असं ठरवायचं आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी आपली औषधं तिच्याशी ताडून पाहायची. कल्याणच्या मेडिकलमधल्या चाळीस एककांच्या इन्सुलिनची वंशावळ मागे मागे नेली, तर ती शेवटी कुठल्यातरी प्रमाण कुपीशी जाऊन थांबते.

मिटवून झालं म्हणजे विश्वास ठेवायचा, असं नाही. अँप्युल्स रंगाच्या पाण्यात बुडवून वरची हवा खेचून घेतात. छिद्र असेल तर आतला वायू बाहेर येतो, आणि दाब परत सोडला की तेवढंच निळं पाणी आत शिरतं. मेथिलीन ब्लूच्या त्या हौदातून निळी पडलेली अँप्यूल निघाली, की तिचा तिथेच निकाल. बाकीच्या धुवून पुढच्या खोलीत जातात, आणि तिथे बसलेल्या असतात नजर ठेवणाऱ्या बायका. हे काम यंत्रंही करतात, पण अनेक ठिकाणी अजून डोळेच. दोन ते पावणेचार हजार लक्सच्या प्रकाशात पाच सेकंद पांढऱ्या पडद्यासमोर आणि पाच सेकंद काळ्या पडद्यासमोर, अशी युरोपीय औषधसंहितेची रीत. काळ्यासमोर पांढरा धागा दिसतो, पांढऱ्यासमोर काळा कण. डोळ्यांची नियमित तपासणी होते आणि ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती मिळते. अशा सवयीची बाई घरी लग्नाला किंवा बारशाला गेली आणि तिने सरबताचा ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच गोल फिरवला, तर यजमानांनी राग मानू नये. तिला आंब्याचा धागा दिसलेला असतो, तो तिला दिसणारच.

सगळ्यात जास्त करमणूक मात्र ‘मीडिया फिल’मध्ये. दर काही महिन्यांनी सगळी लाइन चालवायची, पण औषधाऐवजी अँप्युल्समध्ये भरायचं सोयाबीन आणि दुधाच्या केसीनचं सूप. जंतूंना त्याहून आवडतं खाद्य नाही. हजारो कुप्या भरायच्या, मिटवायच्या, मग चौदा दिवस उबवायच्या, आणि हात जोडून बघत राहायचं, की एक तरी गढूळ होते का. माणसांनी नेहमीसारखं वागायचं. मुद्दाम एखाद्याने सुई बदलायची, दुसऱ्याने यंत्र थांबवायचं, कारण खऱ्या बॅचमध्ये ते होतंच. जगात दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात पंधरा दिवस ठेवलेलं सूप न नासल्याबद्दल पेढे वाटत नाहीत.

त्याच्या बरोबर उलट तऱ्हेची एक अँप्यूल तपासणीच्या, म्हणजे क्यूसीच्या, फ्रीजमध्ये असते. तिच्यात जंतू मुद्दाम भरलेले असतात. नाव त्यांचं जिओबॅसिलस स्टेअरोथर्मोफिलस, स्वभाव अत्यंत चिवट. दहा लाख बीजाणू आणि जांभळं पोषणद्रव, वरून काच मिटवलेली. अशी कुपी ऑटोक्लेव्हमध्ये मालाबरोबर ठेवतात. १२१ अंशांच्या वाफेतून निघाल्यावर तिला साठ अंशांच्या आसपास उबवायचं. जांभळी राहिली तर जंतू मेले आणि माल पास. पिवळी पडली तर जंतू जिवंत आहेत, आणि मग क्यूएच्या मेजावर रात्रभर दिवा. गोष्ट एवढ्यावर संपत नाही. वाफेत न घातलेली एक कुपी शेजारी ठेवतात, आणि ती पिवळी पडलीच पाहिजे. ती जांभळीच राहिली, तर हे जंतू आधीच मेलेले होते आणि परीक्षाच खोटी. मृत्यूचा दाखला द्यायचा, तर आधी जिवंत असल्याचा पुरावा लागतो. या बाबतीत प्रयोगशाळा आणि पेन्शन कचेरी यांचं एकमत आहे.

एवढ्या दिव्यातून गेलेली अँप्यूल शेवटी रुग्णालयात पोचते आणि एका परिचारिकेच्या अंगठ्याखाली एका सेकंदात मरते. पूर्वी डब्यात एक छोटी कानस यायची. ती नेहमी हरवलेली असे, त्यामुळे टेबलाच्या कडेवर टिचकी मारण्याची राष्ट्रीय पद्धत रूढ झाली. आता मानेवर एक ठिपका असतो आणि त्याच ठिकाणी काच आधीच थोडी कापलेली असते. ठिपका आपल्याकडे ठेवायचा, अंगठा त्याच्यावर आणि मान मागे ढकलायची. इतकं सोपं असूनही प्रत्येक वॉर्डाचा स्वतःचा सिद्धांत आहे. कुणाच्या मते ठिपका बाहेर हवा, कुणाच्या मते तो नुसता कंपनीचा शोभेचा टिळा. सिद्धांत कुठलाही असो, बोट कापतंच, आणि काचेचे बारीक कण आत पडू शकतात म्हणून काळजी घेणारे फिल्टरची सुई लावून औषध ओढतात. ज्या मालासाठी अंबरनाथला अर्ध्या मायक्रॉनचा हिशेब ठेवला, त्यात शेवटच्या क्षणी काचेचा चुरा.

फुटलेल्या अँप्युलचं करायचं काय, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत लिहिलेलं आहे : निळ्या खुणेचा डबा. (कर्करोगाच्या औषधांच्या कुप्या वेगळ्या.) आणि इथेच शेजारच्या उल्हासनगरचा विषय निघतो. १९४९ साली, सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभ्या राहिलेल्या या गावाला हे नाव मिळालं, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद अख्ख्या मुंबईला पाठ आहे. तो सगळ्यात रंगवून उल्हासनगरचेच व्यापारी सांगतात, आणि वर गिऱ्हाइकाला चहा पाजतात. इथे म्हणे सगळ्याची नक्कल होते, सगळ्याची परत विक्री होते. असेल. पण वापरलेल्या अँप्युलपुढे हे कसब हात टेकतं. रबरी बुचाच्या बाटलीत पुन्हा काहीबाही भरून वर नवं टोपण बसवणं चोराला जमू शकतं. मान तुटलेल्या अँप्युलवर टोपण कशावर बसवणार? ती एकदा खरी असते, आणि मग नुसती काच.

काच म्हणून तरी तिला किंमत मिळावी, तर तेही नाही. कारखान्यात सीलिंगच्या यंत्राखाली शेंड्यांनी भरलेला डबा पाळीगणिक रिकामा करावा लागतो. किलोकिलोंनी स्वच्छ, कधीही औषध न लागलेली, युरोपच्या संहितेत पास झालेली काच. बाटल्यांच्या भट्टीला ती नको असते, कारण बोरोसिलिकेट साध्या काचेच्या तापमानाला नीट वितळत नाही, आणि तिचा एक खडा गेला तरी नव्या बाटलीत गाठ होऊन राहतो. त्यामुळे जुने पंखे, बंद पडलेला कंप्रेसर, फाटलेली पोती, पत्र्याचे पिंप यांचा भाव फोनवरच सांगणारा भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. बाकी सगळं चढवतो. शेवटी शेंड्यांचा डबा उघडून आत बघतो, चिमूटभर काच बोटांत चोळतो आणि प्लँट मॅनेजरला विचारतो, “साहेब, हे न्यायचे तुम्ही किती देणार?”